वाम भाजून होईपर्यंत

२ जुलै, बुधवार

त्रेपन्न मिनिटं! माझ्या पाठोपाठ आलेला टोपीवाला म्हातारा खाऊन, चहा पिऊन, दात कोरून गेला, विसरलेली छत्री न्यायला परतसुद्धा आला, तरी माझा वाम-भाताचा डबा आला नव्हता. मी घड्याळ बघूनच बसतो. म्हाताऱ्याला छत्तीस मिनिटं आणि मला त्रेपन्न. हा योगायोग असेल तर मी मोचिझुकी सोहेई नाव लावणार नाही.

वाम आधीपासून भाजून ठेवत नाहीत हे मला कुणी शिकवायला नको, मी या मिशिमा गावातच जन्मलोय. गिऱ्हाईकानं सांगितलं की चिरायची, काड्या टोचायच्या, कोरडी भाजायची, वाफवायची, मग रसात बुडवून पुन्हा भाजायची. अर्धा-पाऊण तास कुठेही जातोच. पण सगळ्यांना पाऊण आणि मलाच तास?

कारण मला ठाऊक आहे. दुकानाच्या सुगिउरा मालकांनी माझ्यावर डूख धरलाय. मे महिन्यात मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा विसाव्या मिनिटाला ओरडलो होतो, "वाम पकडायला समुद्रात गेलात की काय?" भट्टीवरून मान वर न करता ते म्हणाले, "घाई असेल तर पलीकडे शेवया मिळतात." सगळं दुकान हसलं. मी ताडकन उठलो. चप्पल घालून निघणार, तेवढ्यात त्यांची मुलगी हसताना दिसली, तोंडावर हात घेऊन, खांदे हलवत.

मी चप्पल काढली आणि परत बसलो.

ती धरून आजची अकरावी खेप. तिचं नाव कोझुए. भट्टी बापाची, बाहेरचं वाढणं हिचं. बाह्या दोरीनं मागे बांधलेल्या, उजव्या मनगटावर भाजल्याचा एक जुना डाग. जवळून गेली की केसांना कोळशाच्या धुराचा वास येतो. जगात याहून चांगला वास असेल तर मला तो नको आहे. आज वाट बघताना तिनं वामेच्या हाडांचे तळलेले कुरकुरीत तुकडे आणून दिले, मग काकडीचं लोणचं, मग चहा, मग दुसरा चहा. मग खिडकीशी उभी राहून ओढ्यातल्या बदकिणीला किती पिल्लं झालीत ते सांगितलं. मी म्हणालो, "हो का." एवढंच! अकरा खेपांत माझी सगळी कमाई म्हणजे "हो का".

ही वही रित्सुताईनं दिली. म्हणाली, "तोंडातून काढायच्या आधी हिच्यात काढत जा. कॉलेज तर घालवलंसच, मामाची नोकरी तरी टिकव." मामाच्या कारखान्यात मी तातामीच्या, म्हणजे घरात अंथरायच्या जाड गवती चटयांच्या, कडा शिवतो. आज काय शिवलं ते आठवत नाही.

५ जुलै, शनिवार

अठ्ठावन्न मिनिटं. शेजारच्या टेबलाला अडतीस.

पण आज बोललो! खरं तर तीच बोलली. लोणच्याची बशी ठेवून म्हणाली, "मोचिझुकीसान, एक विचारू? कॉलेज का सोडलंत?"

दुसरं कुणी विचारलं असतं तर मी भडकलो असतो. मामाला विचारा. तिला सगळं सांगितलं. टोकियोची ती प्रयोगशाळा, भट्टीत ठेवलेला धातूचा तुकडा आणि मला काम काय, तर नऊ तास बसून दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचा. नऊ तास बसलो. प्राध्यापक आले, कागद बघितला आणि म्हणाले, उद्या परत. मी कागद त्यांच्या हातात दिला, म्हटलं, "तुम्हीच बसा." आणि खोलीवर जाऊन सामान बांधलं.

कोझुए हसली. मग हसायची थांबली. बशी उगाच इकडची तिकडे सरकवत म्हणाली, "मग इथे कसे बसता इतका वेळ?"

अशी संधी! देवानं ताटात वाढून समोर ठेवलेली! आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "भूक लागते ना."

भूक लागते! ताईनं ठेवलेला भात संपवूनच मी निघतो. थोबाड फोडून घ्यावंसं वाटतंय.

वाम कशी होती? माहीत नाही. ती वरच्या माडीवर जेवण पोचवायला गेली होती, मी जिन्याकडे बघत होतो.

८ जुलै, मंगळवार

एकसष्ट मिनिटं. पण आज मिनिटांचं सोडा.

ती जाणार आहे. दूर दक्षिणेत, क्यूशूला, यानागावाला. तिथे तिच्या मावशीचं वामेचंच दुकान आहे. मावशीचे गुडघे गेलेत आणि हाताखाली कुणी नाही. "एक तारखेला निघायचं. दुसरा वृषभ दिवस झाला की लगेच. त्याआधी बाबा सोडणार नाहीत." यंदा उन्हाळ्यात वृषभ दिवस दोन आलेत, एकोणीसला आणि एकतीसला. त्या दोन दिवशी सगळा जपान वाम खायला घराबाहेर पडतो, घरची माणसं कोण सोडील!

"किती दिवसांसाठी?"

"दोन वर्षं म्हणतेय मावशी. जास्तही होतील."

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. हातात रिकामा ट्रे. मला वाटतं बराच वेळ उभी होती.

मी म्हणालो, "अरे वा! अभिनंदन!"

अभिनंदन!!

आता तेवीस दिवस राहिले. तेवीस दिवसांत सांगायचं. नाही सांगितलं तर तिकडे कुणीतरी धीराचा, गोड बोलणारा माणूस रोज येऊन बसेल. यानागावाला कालवे आहेत, नावा आहेत. नावेत बसवून तो तिला गाणी म्हणून दाखवेल. त्या माणसाचा मला आत्ताच राग आलाय.

१० जुलै, गुरुवार

ताईला सांगितलं. ती कपडे घड्या करत होती. मालकांचा दुष्टपणा मी आकड्यांनिशी मांडला, गेल्या महिन्याभरातल्या मिनिटांचा तक्ताच काढला होता.

"म्हणजे सगळ्यांना चाळीस आणि तुला साठ," ताई म्हणाली.

"दर वेळी!"

"आणि त्या जादा वीस मिनिटांत ती मुलगी काय करते?"

"काय करणार बिचारी? बापाची चूक सावरते. चहा आणते, लोणचं आणते, बोलत उभी राहते."

ताईच्या हातातला टॉवेल खाली पडला. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं लहानपणी मी उलटे बूट घालून शाळेत निघालो की बघायची. मग माझ्या गालावर दोन चापट्या मारल्या, शेजारच्या कुत्र्याला मारते तशा.

"काय?"

"काही नाही."

"ताई, काय ते सांग!"

"तुला आत्ता सांगितलं तर आत्ताच्या आत्ता धावत जाशील आणि काहीतरी घाण करून येशील. तुझं तुला कळू दे."

बायका अशाच. मुद्द्याचं विचारलं की टॉवेल.

१२ जुलै, शनिवार, सकाळ

सुचलं! रात्रभर डोळ्याला डोळा नाही, पण सुचलं!

माझा घोटाळा होतो तो वाट बघताना. घरून निघताना छाती एवढी असते, पहिल्या चहाला ती निम्मी होते, तिसऱ्या चहाला मी "हो का" वर येतो. म्हणजे वाट बघणंच काढून टाकलं पाहिजे. फोन करून आधीच सांगून ठेवायचं! लांबून येणारी माणसं करतातच की. गेल्या गेल्या डबा समोर. पंधरा मिनिटांत खायचं आणि छाती भरलेली आहे तोवर उठून म्हणायचं, "दुपारी तुमची सुट्टी असते ना, ओढ्याच्या काठानं देवळापर्यंत चला." दोनला त्यांच्या दारावरचा पडदा उतरतो, दुकान बंद. दीडचं सांगितलं.

फोन मालकांनीच घेतला. नाव सांगितल्यावर जरा थांबले.

"दीडला? बसल्या बसल्या?"

"हो."

"तुझं तू बघ," म्हणाले. "उशीर करू नको. भाजलेली वाम कुणासाठी थांबत नाही."

बघा, एकदाही 'या' नाही, 'नमस्कार' नाही! पण आज मला काही लागत नाहीये. निळा शर्ट ताईकडून इस्त्री करून घेतलाय.

त्याच दिवशी, संध्याकाळी

काय झालं ते मला कळलेलं नाही. झालं तसं लिहितो.

दीडला बसलो. एका मिनिटात डबा आला. कोझुएनंच आणला. ठेवला आणि म्हणाली, "घाईत आहात का आज?"

मी म्हणालो, "हो!" जोरात, आनंदानं. कारण घाई होतीच की!

"बरं," ती म्हणाली आणि गेली. ती गेली ती गेलीच. हाडांचे तुकडे नाहीत, काकडी नाही. चहा होता तो दुसऱ्याच बाईनं ओतला, सणाच्या गर्दीसाठी नवीन ठेवलेली. माडीवर दोन टेबलं होती तिकडे कोझुए वर-खाली करत राहिली, खिडकीकडे एकदाही फिरकली नाही.

मी एकटा जेवलो. अकरा मिनिटं लागली. आणि कमाल म्हणजे आज पहिल्यांदा वामेची चव कळली. वरून किंचित करपलेली, आतून इतकी मऊ की चॉपस्टिकचं टोक लागताच तुटते. खालच्या भातात मुरलेला तो गोड-खारट काळा रस, त्यावर तिरफळाची पूड, जिभेला मुंग्या येतात. शेजारी काळजाचं सार.

दोनला बाहेर येऊन ओढ्याच्या पुलावर उभा राहिलो. ती बाहेर आली नाही. मी तिचं कामच नाही का वाचवलं? खूश व्हायला हवं होतं तिनं!

१६ जुलै, बुधवार

रागात लिहितोय. अक्षर कसंही येईल.

फोन न करता गेलो. तिनं वाकून स्वागत केलं, "या," म्हणाली. आगगाडीतून उतरलेल्या पाहुण्याला म्हणतात तसं. "नेहमीचंच?" नाही, तर "काय घ्याल?" आणि पस्तिसाव्या मिनिटाला डबा हजर. सगळ्यांना पस्तीस, मला पस्तीस.

मला वाटलं, मालक निवळले. अखेर न्याय झाला! मग आनंद का होत नाहीये म्हणून मीच चिडलो, आणि एकदा चिडलो की मला पुढचं दिसत नाही. पैसे द्यायला उठलो तो सरळ भट्टीसमोर गेलो. "मालक, उपकार झाले! अडीच महिने मला मुद्दाम उशिरा वाढलंत, आज बरी दया आली!"

मालकांच्या हातातला विंझणा थांबला. मी तो कधी थांबलेला बघितला नव्हता.

"मी?" ते म्हणाले. "समोरच्या फळीवर चिठ्ठ्या लागतात. पहिली असेल ती पहिली भाजतो. चिठ्ठ्या मी लावत नाही."

फळीकडे बघितलं. चिमट्यात ओळीनं चिठ्ठ्या. आणि त्या लावत होती कोझुए.

डोक्यात वीज पडली. ती! तीच माझी चिठ्ठी मागे सरकवत होती! मागून येणाऱ्या प्रत्येकाची पुढे आणि माझी शेवटी! चहा, लोणचं, बदकाची पिल्लं, सगळं वरवरचं! भरल्या दुकानात मी ओरडलो, "माझ्याशी काय वैर आहे तुमचं?"

ती कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली. "कसलंच नाही," म्हणाली. आवाज असा, की मला शेवटचं अक्षर ऐकूच आलं नाही. मग ती आत गेली.

मालक भट्टी सोडून बाहेर आले. विंझणा हातातच. म्हणाले, "दुकानात आज धूर फार झालाय. तू बाहेर जा."

नाही जाणार परत. जन्मात नाही. वामेचं नाव काढलं तर बघा.

१७ जुलै, गुरुवार

सकाळी ताईला सांगितलं तर तिनं कंगवा फेकून मारला. लागला.

"गाढवा," ती म्हणाली, "चिठ्ठी मागे गेली की काय होतं?"

"उशीर होतो."

"उशीर झाला की तू कुठे असतोस?"

"तिथेच. बसून."

"आणि ती कुठे असते?"

"ती..."

ताई कामावर निघून गेली. मी स्वयंपाकघरात उभा. नळ चालू होता. किती वेळ, कोण जाणे.

आता शांतपणे लिहितो. पहिली खेप सोडायची, तेव्हा ती मला ओळखत नव्हती. त्यानंतर बारा खेपा. प्रत्येक वेळी वीसेक मिनिटं जादा. बारा वीसे दोनशे चाळीस. चार तास!

चार तास तिनं बापाच्या भट्टीपासून चोरले. माझ्यासाठी! मी ओढ्याकडे तोंड करून "हो का" म्हणावं म्हणून!

आणि मी फोन केला. ती चोरू नये म्हणून मी फोन केला! वर विचारलं, वैर काय तुमचं.

दुपारी कारखान्यात एक अख्खी कड उलटी शिवली. मामा बोलत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. मी हसत होतो. मग रडायला आलं. मग परत हसू. मामानं मला घरी पाठवलं.

१९ जुलै, शनिवार. पहिला वृषभ दिवस

साडेदहापासून रांगेत उभा. रांग दुकानापासून पुलावर, पुलावरून देवळाच्या रस्त्याला. ऊन असं, की पुढच्या बाईच्या हातातल्या बर्फाच्या गोळ्याचं पाणी होऊन गेलं. तीन तास उभा राहिलो. मी! मध्ये एकजण घुसला, त्यालाही काही बोललो नाही. ताईला सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही.

पुढे आठ माणसं राहिली तेव्हा कोझुए पाटी घेऊन बाहेर आली. आजचा माल संपला. रांगेपुढे वाकून सगळ्यांची माफी मागितली. वाकून उठताना मी दिसलो. ती थबकली. मग पुन्हा वाकली आणि आत गेली.

ते दुसरं वाकणं सगळ्यांसाठी होतं की माझ्यासाठी? संध्याकाळपासून हाच विचार.

२५ जुलै, शुक्रवार

दोनदा दारावरून परत आलो. पुढे ती नवीन बाईच दिसते. कोझुए आत असते म्हणे, सामानाची बांधाबांध करते. म्हणून आज सकाळी सहाला मागच्या अंगणात गेलो. मालक तिथेच होते. वामांच्या टोपल्या एकावर एक रचलेल्या आणि वरून जमिनीखालून आलेलं फुजी पर्वताचं थंडगार पाणी पडतंय, एका टोपलीतून दुसरीत.

मी चिखलातच वाकलो. "मालक, चुकलो."

"हं."

मी वाकलेलाच.

"ऊठ. पाठ धरेल." मग बोट टोपलीकडे. "किती दिवस ठेवतो आम्ही या पाण्यात, माहीत आहे?"

"तीन-चार?"

"चार. खायला काही नाही, नुसतं पाणी. घाई करून भाजली तर चिखलाचा वास राहतो. कितीही रस लावा." त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. "तुला अजून येतो थोडा."

मी माझी बाही हुंगली. खरंच हुंगली! ते हसले का? ओठ हलल्यासारखे वाटले.

"मालक, तुम्हाला माहीत होतं? चिठ्ठ्यांचं?"

"तीस वर्षं त्या फळीकडे बघतोय. एकाच माणसाची चिठ्ठी दर खेपेला मागे मागे जाते, एवढं दिसणार नाही मला?" टोपली उचलून दुसरीवर ठेवली. "काड्या टोचणं शिकायला तीन वर्षं, चिरायला आठ, भाजायला जन्म. म्हणतात ना. मुलगी कधी कळते, ते कुणी सांगून ठेवलं नाही. एकतीसला ये. गर्दीत नको. पडदा उतरल्यावर."

घरी पळत आलो. ओढ्यातली बदकं घाबरून उडाली. पिल्लं सहा आहेत! सहा!

३० जुलै, बुधवार

काय बोलायचं ते चार वेळा लिहिलं. पहिलं लांब आहे. दुसऱ्यात फुजी पर्वत आलाय, तो काढला. तिसरं ताईनं वाचलं आणि तिला उचकी लागली. चौथं पाठ केलंय.

३१ जुलै, गुरुवार. दुसरा वृषभ दिवस

दोनला पुलावर होतो. सव्वादोनला पडदा उतरला. आत गेलो. सगळ्या खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या, खिडकीशी एकच सुलटी. माझी.

कोझुए पुसत होती. कपाळावर केस चिकटलेले, सकाळपासून किती डबे वाढले असतील देव जाणे. मला बघून फडकं तसंच हातात राहिलं.

"वाम आहे का?" मी विचारलं.

"एक आहे. बाबांनी सकाळीच बाजूला काढलीय. कुणासाठी ते सांगेनात." मग ती खिडकीपाशी आली, चिठ्ठ्यांचं पॅड काढलं. "नेहमीचंच?"

नेहमीचंच म्हणाली!

"नेहमीचंच."

तिनं लिहिलं, चिठ्ठी फाडली. "वेळ लागेल."

"लागू दे."

ती गेली नाही. मीही पाठ केलेलं सुरू केलं नाही. सुरुवातच आठवेना.

"त्या दिवशी मी ओरडलो," मी म्हणालो. "तुमची चूक नव्हती."

"होती की. चिठ्ठी मीच मागे ठेवायची."

"माहीत आहे. का ते पण माहीत आहे. ताईनं सांगितलं."

"ताईनं?" तिचे डोळे मोठे झाले. "तुमचं तुम्हाला नाही कळलं? इतके चहा पाजले मी!"

"नाही कळलं."

तिनं तोंडावर हात घेतला. खांदे हलायला लागले. मेमधलं तेच हसू, पण या वेळी फक्त माझ्यासाठी. मग हात काढून म्हणाली, "मग फोन का केलात? मला वाटलं, कंटाळलात. इथे बसायचा."

"दुपारच्या सुट्टीत ओढ्यावर चला म्हणायचं होतं. वाट बघताना धीर जातो माझा. म्हटलं, वाट बघणंच नको."

"मी दोन वाजता मागच्या दारानं गेले. पुढून आले असते तर रडलेली दिसले असते."

चौथं, तिसरं, फुजीवालं दुसरंसुद्धा, सगळं डोक्यातून धुऊन गेलं. मी म्हणालो, "मला तुम्ही आवडता. वामेपेक्षा."

वामेपेक्षा! महिनाभराच्या तयारीनंतर हे!

"वाम तुम्ही कधी खाल्लीत?" ती म्हणाली. "डब्यात बघितलंत का कधी? एकदा तर लोणच्यालाच तिरफळ लावून खाल्लंत. मी बघत होते." आवाज मात्र कापत होता. मग खाली बघून, "दोन वर्षं आहेत, मोचिझुकीसान."

"बसेन."

"नऊ तासांवर बसवलं नाही तुम्हाला. त्या भट्टीपुढे."

"त्या भट्टीच्या मागून चहा घेऊन कुणी येत नव्हतं."

तिनं टेबलावरची खुर्ची उचलली, सुलटी केली, माझ्यासमोर ठेवली आणि बसली. सोळा खेपांत पहिल्यांदा ती माझ्यासमोर बसली. मग आम्ही काय काय बोललो ते सगळं लिहिता येणार नाही. यानागावाला वाम भातासकट टोपलीत वाफवतात, तिथे आणखी वेळ लागतो, हे तिनं सांगितलं. मी म्हटलं, मग बरंच आहे. तिची आई तिथली, आठ वर्षांपूर्वी गेली. मनगटावरचा डाग तेव्हाचा, घर सांभाळताना भाजलेला. हे सगळं ती अडीच महिने सांगायला उभी राहत होती आणि मी बदकं बघत होतो.

तेवढ्यात आतून आवाज आला. "कोझुए! ती चिठ्ठी आज येतेय की पितरांच्या सणाला? दोनदा नवा कोळसा घातला मी!"

चिठ्ठी तिच्या कमरपट्ट्यात होती. खोचलेली. तिनं ती दिलीच नव्हती!

कान लाल, उठून पळाली. आतून मालकांचं "हं" ऐकू आलं, आणि विंझणा सुरू झाला, फट फट फट. धूर खिडकीपर्यंत आला. डबा आला तेव्हा त्याबरोबर चॉपस्टिकचे दोन जोड होते. ते कुणी ठेवले ते तिलाही माहीत नव्हतं.

एका डब्यात दोघं जेवलो. शेपटाकडचा तुकडा तिनं मला दिला, काळजाचं सार मी तिला. चव? सांगू शकतो! दोन्ही डोळे डब्यात ठेवून खाल्लं, तिनं सक्तीच केली होती.

किती मिनिटं झाली ते लिहायचं राहिलं. घड्याळ बघितलंच नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळच्या गाडीनं गेली. गाडी फलाटावर एक मिनिट थांबते. जगात एका मिनिटाइतकी लहान गोष्ट नाही, हे मला आज कळलं.

दारात उभी राहून म्हणाली, "सोहेई." मोचिझुकीसान नाही. सोहेई! "पोचले की फोन कर मला. रोज कर. पण तू जेवण सांगायला करू नकोस."

दार लागलं. मी फलाटाच्या टोकापर्यंत पळालो, स्टेशनच्या माणसानं शिट्टी वाजवली. मी त्याच्याशी भांडलो नाही, वाकून माफी मागितली. तो घाबरलाच.

परत येताना मालक बरोबर होते. मग पुलावर थांबले, माझा उजवा हात धरून उलटासुलटा करून बघितला. अंगठ्यावर सुईचे घट्टे आहेत.

"तातामी शिवून हात बसलाय तुझा," म्हणाले. "काड्या टोचायला असाच लागतो."

"हो, मामापण म्हणतो, हात बरा आहे."

"मामाला विचार आणि सोमवारी सकाळी सहाला ये."

"येतो."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं, ताई बघते तसं. "हं," म्हणाले आणि गेले.

माडीवरचे तातामी बदलायचे असतील बहुतेक. जुनेच झालेत. मापाची फीत घेऊन जातो.